डबलसीट, पण कुणाच्या सोयीची?

२०१५ साली यामाहाने भारतात आर-१५एस नावाची मोटारसायकल आणली. इंजिन तेच, चासी तीच, रूपही जवळपास तेच. नवी होती ती फक्त सीट. त्याआधी २०११ मध्ये आर-१५च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने अखंड सीट मोडून तिचे दोन भाग केले होते. चालवणाऱ्याला खाली ऐसपैस जागा आणि मागच्याला शेपटावर उंच बसवलेली छोटी गादी. गाडी दिसायला झकास झाली, ट्रॅकवरच्या गाडीची ऐट तिला आली. तरी चार वर्षांत त्याच गाडीला पुन्हा अखंड सीट लावून ‘एस’ विकायला काढावी लागली. २०१८ची तिसरी आवृत्ती परत दुभागलेल्या सीटची. नोव्हेंबर २०२१ मध्ये परत ‘एस’, परत अखंड सीट. दिल्लीतली शोरूम किंमत १,५७,६०० रुपये, म्हणजे त्याच मोसमात आलेल्या चौथ्या आवृत्तीपेक्षा दहाएक हजारांनी कमी.

दहा वर्षांत इतक्यांदा मत बदलणारी कंपनी काही खुळी नाही. तिला पक्के ठाऊक आहे की भारतात स्पोर्ट बाइक शोरूममधून निघते ती एका तरुणाच्या हौसेपोटी, आणि दुसऱ्या दिवसापासून धावते दोघांना घेऊन. ज्याची हौस असते त्याला शेपूट वर उचललेले हवे असते. त्या शेपटावर ज्याला बसायचे आहे त्याला शोरूममध्ये कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. मागच्याची सोय म्हणजे बायकोसाठी, आईसाठी केलेली तडजोड, असा या धंद्याचा समज आहे, आणि म्हणूनच सोयीची सीट लाभते ती जुन्या आवृत्तीला, नव्या-महागड्या गाडीला नाही. हा समज साफ चुकीचा आहे. मागचा माणूस नीट बसलेला नसेल तर पुढच्याला गाडी नीट चालवताच येत नाही.

हैदराबादमध्ये हे रोज पाहायला मिळते. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार हा मराठी माणसांचा जुना पट्टा. नोकऱ्या मात्र गेल्या पंचवीस वर्षांत हायटेक सिटी आणि गच्चीबावलीकडे सरकल्या. मधले अंतर वीसेक किलोमीटरचे. मेट्रो आली, तरी घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस हे दोन तुकडे उरतातच. मग नवरा-बायको, बहीण-भाऊ, एकाच कंपनीतले दोन मित्र एका बाइकवर निघतात. आबिड्स, लकडी का पूल, पंजागुट्टा, बंजारा हिल्सचे चढ, जुबिली हिल्सचा ४५ नंबर रस्ता आणि शेवटी २०२० मध्ये सुरू झालेला दुर्गम चेरुवूचा केबल पूल. पुढचा खुशीत असतो. मागचा पुलावरचे दिवेही पाहू शकत नाही, कारण त्याचे सारे लक्ष घसरू नये याकडे लागलेले असते.

या मागच्या गादीवर एकदा बसून पाहावे. रुंदी वीतभर, जाडी जेमतेम दोन बोटे, आणि उतार पुढच्या बाजूला. फूटरेस्ट वर घेतलेले, कारण गाडी वळणात झुकली की ते रस्त्याला घासू नयेत आणि सायलेन्सरलाही जागा मिळावी. त्यामुळे गुडघे पोटाकडे येतात, मांड्या अधांतरी राहतात, सगळा भार माकडहाडावर. चालवणारा टाकीवर वाकलेला आणि मागचा त्याच्या डोक्यावरून वर उठलेला, म्हणजे वारा याच्याच छातीवर. धरायला काय? साध्या कम्यूटर गाडीला मागे लोखंडी हँडल असते, त्यात चारही बोटे जातात. स्पोर्ट बाइकला बऱ्याचदा सीटखाली एक खाच असते, नाहीतर सीटवरून आडवा टाकलेला पट्टा. २०१४ मध्ये आलेल्या पहिल्या केटीएम आरसी ३९०ची मागची गादी तर मुद्दामच शेपटाच्या झाकणासारखी दिसेल अशी घडवली होती. पुण्याजवळ चाकणला बनलेली ही गाडी प्रथम पाहणाऱ्या आजीने ‘अरे, आणि मागे बसायचं कुठे?’ असे विचारले तर तो तिच्या चष्म्याचा दोष नव्हता.

आता वजनाचे गणित. आर-१५ साधारण १४२ किलोची. मागे साठ किलोचा माणूस बसला की गाडीच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त बोजा एकदम वाढतो, तोही उंचावर आणि मागच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर. नऊशे किलोच्या मोटारीत मागे तोच माणूस बसला तर सात टक्क्यांचाही फरक पडत नाही. बाइकचे मागचे शॉकअप दबते, पुढचा भाग हलका होतो, हँडल सैल वाटू लागते, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ब्रेक दाबला की सगळे उलटे होते. मागचा माणूस उतारावरून पुढे घसरतो आणि चालवणाऱ्याच्या पाठीवर येऊन आदळतो. चालवणाऱ्याच्या मनगटांवर आता दोघांचा भार. हेल्मेटवर हेल्मेट आपटते. सिग्नलगणिक हा ‘टक्’ आवाज ऐकू येत असेल तर चूक मागच्याची समजू नये. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, ते उत्तमच झाले. चाक लॉक होणे त्याने थांबते, मागच्याचे घसरणे थांबत नाही.

आणि अवघडलेला माणूस स्वस्थ बसत नाही, हे लक्षात घ्यावे. अर्ध्या तासाने पाय बधिर होतात, तो एक पाय फूटरेस्टवरून काढून झटकतो, कंबर उचलून दुसऱ्या कुशीवर येतो, आणि नेमके त्याच वेळी पुढचा वळण घेत असतो. दोनशेहून अधिक किलोंच्या डोलाऱ्यात साठ किलो अचानक डावीकडे सरकले की काय होते ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

यातले बरेचसे चालवणाऱ्याला विनाखर्च सुधारता येते. सुरुवात हवेपासून. बजाज पल्सरच्या कित्येक मॉडेलांना मागच्या चाकात एकट्यासाठी २८ आणि डबलसीटसाठी ३२ पीएसआय हवा सांगितलेली आहे. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत असे दोन आकडे असतात. पंक्चरच्या दुकानात मात्र ‘पुढे पंचवीस, मागे तीस’ हा एकच मंत्र सगळ्यांना चालतो. दुसरे शॉकअप. पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांत मागच्या शॉकअपला पाच टप्पे आहेत, केटीएम ३९० ड्यूकलाही प्रीलोड बदलता येतो. किटमधला पाना घेऊन दोन टप्पे वाढवायला पाच मिनिटे पुरतात. मागे माणूस बसताच सीट खाली जाणे आणि स्पीडब्रेकरवर शॉकअप तळाला टेकून मागच्याच्या पाठीत कळ जाणे, दोन्ही कमी होते. पण गाडी विकेपर्यंत तो पाना पिशवीतून बाहेर न काढणारेच फार.

मग हात. एकट्याने चालवताना गिअर टाकताना बसलेला झटका पुढच्याला कळतही नाही, मागच्याची मान मात्र प्रत्येक गिअरला मागे जाते. थ्रॉटल पूर्ण सोडण्याआधी क्लच दाबायचा आणि क्लच सोडता सोडता थ्रॉटल हलकेच उघडायचा, एवढ्याने फरक पडतो. थांबताना मागचा ब्रेक आधी हलका लावला की गाडी मागून बसते, मग पुढचा ब्रेक हळूहळू वाढवला तर मागचा पुढे आदळत नाही. समोरच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दीडपट. जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून निघालेल्या बाइकवर मागून ‘हल्लू भाई, हल्लू’ अशी हाक ऐकू येते, ती ऐकणे हेही चालवण्याचेच काम आहे.

मागच्यालाही थोडे शिकवावे लागते, आणि तिथे आपल्याकडे सगळा आनंद आहे. गाडीवर चढायचे ते चालवणाऱ्याने दोन्ही पाय टेकून ‘बस’ म्हटल्यावर. उतरायचे तेही सांगून. गुडघ्यांनी पुढच्याची कंबर दोन्ही बाजूंनी धरायची, एक हात मागच्या हँडलला, दुसरा त्याच्या कमरेभोवतून टाकीवर. ब्रेक लागताना टाकीवरच्या हातानेच स्वतःला अडवायचे. ही युक्ती कुणा हौशी माणसाची नाही. माजी ग्रांप्री शर्यतपटू रँडी मामोला डुकाटीच्या दोन सीटच्या मोटोजीपी गाडीवर वर्षानुवर्षे पाहुण्यांना मागे बसवून फिरवत असे. त्या गाडीत पाहुण्यासाठी मुठी बसवलेल्या होत्या त्या टाकीवर. एवढ्या वेगवान गाडीतही पाहुण्याच्या हातांचा आधी विचार झाला होता. वळणावर त्याने करायचे ते एवढेच: चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पाहत राहायचे, म्हणजे शरीर आपोआप त्याच्याबरोबर झुकते. घाबरून उलट बाजूला ताठ होणारा प्रवासी गाडीला वळणाबाहेर ढकलतो.

एका बाजूला पाय सोडून बसण्याची सवय स्कूटरच्या जमान्यातली. साडी, नऊवारी, बुरखा या सगळ्यांना ती सोयीची होती, आणि स्कूटरची सपाट रुंद सीट ते सोसतही होती. हैदराबादच्या ऑल्विन कारखान्यानेही एके काळी स्कूटर काढली होती, तिचे नाव पुष्पक. पुराणातल्या पुष्पक विमानात कितीही जण बसले तरी एक जागा रिकामीच राहते म्हणतात. तेव्हाच्या कुटुंबांनी हे नाव जरा जास्तच मनावर घेतले होते. पण वीतभर रुंदीच्या, पुढे उतरत्या, उंच गादीवर एका बाजूला बसणे म्हणजे पहिल्या जोरदार ब्रेकला रस्त्यावर येणे. स्पोर्ट बाइकवर बसायचे तर दोन्हीकडे पाय टाकूनच, आणि ते ज्या पोशाखात जमत नाही त्या दिवशी रिक्षा करावी.

कायद्याला या पोशाखाची जाणीव आहे, हे विशेष. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३वा नियम सांगतो की मागे माणूस बसवायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला कायमचे हँडल हवे, पाय ठेवायला फूटरेस्ट हवेत आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. जुलै २०२० मध्ये केंद्राने या तरतुदी पुन्हा नीट मांडल्या. म्हणूनच प्रत्येक नव्या स्पोर्ट बाइकला साडी गार्ड लागलेले असते. आणि म्हणूनच नवा मालक पहिल्या आठवड्यात अॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन आधी तेच काढून टाकतो. त्यापाठोपाठ जाते मागचे लांब मडगार्ड, मग हँडल. गाडी ‘क्लीन’ दिसायला लागते. ओढणीचे एक टोक साखळीत गेले की काय होते, याचा विचार त्या दुकानात होत नाही. साखळी आणि स्प्रॉकेट ओढणीला एका फेऱ्यात आत घेतात, आणि तिचे दुसरे टोक गळ्याभोवती असते.

मागच्याचा विसर बातम्यांनाही पडतो. सप्टेंबर २०११ मध्ये माजी क्रिकेट कप्तान महंमद अझरुद्दीन यांचा १९ वर्षांचा मुलगा अयाझुद्दीन हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर पुप्पलगुड्याजवळ हजार सीसीच्या सुझुकीवरून कोसळला आणि काही दिवसांनी रुग्णालयात वारला. त्या रस्त्यावर दुचाकींना बंदी होती. देशभर बातमी झाली. गाडी कोणती, किती ताकदीची, वडिलांची अवस्था काय, हे सगळे छापून आले. मागच्या सीटवर त्याचा नात्यातला, वयाने आणखी लहान भाऊ होता. तो अपघाताच्याच दिवशी गेला. बातम्यांत तो आला तो पुरवणी वाक्यात. अशी गाडी दोघांनी बसून जाण्याजोगी आहे का, मागच्याला धरायला तिच्यावर काय असते, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारल्याचे आठवत नाही. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, केबल पुलाजवळच्या रस्त्यावर तेलुगू अभिनेते साई धरम तेज यांची ट्रायम्फ घसरली. ते एकटे होते, डोक्यावर हेल्मेट होते, वाचले.

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर एक आकडा पाहावा. रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार देशात मेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याचे १२९वे कलम चालवणारा आणि मागचा यांत फरक करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पगडीधारी शीख सोडून, हेल्मेट लागते. मुंबई पोलिसांनी मागच्याचे हेल्मेट जून २०२२ पासून मनावर घेतले. पुण्यात पुढच्याच्याच हेल्मेटवरून कृती समित्या निघतात, तेव्हा मागच्याचे नाव न काढलेले बरे. जून २०२५ मध्ये केंद्राने प्रत्येक नव्या दुचाकीबरोबर दोन हेल्मेटे देण्याचा मसुदा काढला. निदान मसुद्यात तरी मागचे डोके मोजले गेले.

डोके मोजले, कपडे मोजले; बूड मात्र मोजलेले नाही. १२८वे कलम म्हणते की मागचा माणूस चालवणाऱ्याच्या मागे पक्क्या बसवलेल्या ‘योग्य’ सीटवर बसलेला असावा. योग्य म्हणजे किती रुंद, उतार किती, फूटरेस्टपासून किती उंच, हे कलम सांगत नाही. परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढायचा तो एकट्याने. आणि परवाना हाती पडताच संध्याकाळी मागे आई बसते.

स्पोर्ट बाइकचे शौकीन यावर म्हणतात: ही गाडी मुळात एकट्याची, डबलसीट हवी तर अॅक्टिव्हा घ्या. युरोपात हे म्हणणे चालून जाईल, तिथे अशी बाइक बहुधा घरातले दुसरे-तिसरे वाहन असते आणि रविवारी निघते. हैदराबादच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटखाली तीच एक गाडी उभी असते. शिवाय तिच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, आसनक्षमता दोन अशी नोंद असते. एकट्याची म्हणून बनवली असेल तर कंपनीने एकट्याची म्हणून विकावी आणि आरसीवर एक लिहून घ्यावे. खप किती राहतो ते दिसेलच.

वेग आणि सोय यांचे वैर आहे असेही नाही. २००३ मध्ये आलेल्या हीरो होंडाच्या करिझ्माने एका पिढीला वेगाचे वेड लावले, आणि तिची सीट अखंड, रुंद, मागे हँडल असलेली होती. बायकोला घेऊन लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांत ती गाडी उगाच लोकप्रिय झाली नाही. ज्या बेनेलीची जुळणी २०१८ पासून हैदराबादच्याच एका उद्योगसमूहाकडे आहे, तिच्या टीआरके ५०२वर मागचा माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो. ती टूरिंग गाडी खरी, पण कंपन्यांना असे बसवता येते हे तिच्यावरून कळते.

बाइक टॅक्सीने तर मामला घराबाहेर नेला आहे. रॅपिडो, उबर मोटो यांवर हैदराबादमध्ये रोज असंख्य अनोळखी माणसे अनोळखी माणसांच्या मागे बसतात. बहुतेकदा स्प्लेंडर किंवा स्कूटर येते. पण अॅपवर कुठली गाडी येईल ते प्रवाशाच्या हाती नसते, आणि कधी समोर उंच शेपटाची स्पोर्ट बाइक उभी राहते. पाठीवर लॅपटॉपची सॅक घेतलेली मुलगी त्या गादीवर चढते, अनोळखी खांद्याला हात लावायचा नसतो, मागे धरायला हँडल उरलेले नसते. मियापूरपासून माधापूरपर्यंत ती सीटच्या पट्ट्याला मुठीत आवळून जाते. ज्या राज्यांना बाइक टॅक्सीचे नियम करायचे आहेत त्यांनी पिवळा रंग आणि भाडे यांच्या आधी मागची सीट आणि हँडल यांची अट घालावी.

कंपन्या आणि सरकार हलतील तेव्हा हलतील. गाडी घेणाऱ्याला मात्र आजच करता येण्यासारखे आहे. दसऱ्याच्या आधी शोरूमांत गर्दी होते, बाप-लेक येतात, मुलगा एकटा टेस्ट राइड घेऊन येतो आणि चेहऱ्यावरच होकार घेऊन उतरतो. त्या राइडला जी व्यक्ती पुढची पाच वर्षे मागे बसणार आहे तिला बरोबर न्यावे, दोघांनी हेल्मेट घालून जावे, वाटेत दोन स्पीडब्रेकर, एक चढ आणि एक जोराचा ब्रेक येईल असा रस्ता निवडावा, आणि निदान वीस मिनिटे उतरू नये. चेवेळ्याच्या वडांखालून विकाराबादला जायचे बेत ठरतात ते अशाच गाडीवर, आणि तिथवर वाट दीड-दोन तासांची आहे. सेल्समन पुढच्याचा परवाना मागेल. मागच्याला परवाना लागत नाही, तेव्हा नको म्हणायला त्याच्याकडे कारणही नसेल.